जादू येते, बाबा परत येत नाहीत

आजचा भाग फँटसी सिनेमातल्या मुलांबद्दल आणि त्यांच्या घरांबद्दल आहे. विषय ऐकून वाटेल, चला, आज जरा हलकंफुलकं. उडणारी सायकल, मांजराची बस, अदृश्य होणारा माणूस! हे सगळं येणारच आहे. पण हे सिनेमे त्यांच्या काळाशेजारी ठेवून बघितले की एक गोष्ट सारखी दिसते. जादू सुरू व्हायच्या आधीच त्या घरातून कुणीतरी गेलेलं असतं. बाबा गेलेले असतात, आई दवाखान्यात असते, नाहीतर दोघंही नसतात. आणि ते माणूस का गेलं, याचं उत्तर अनेकदा त्या देशाच्या इतिहासात सापडतं.

म्हणून आज प्रत्येक सिनेमाला आपण दोनच प्रश्न विचारणार आहोत. घरातून कोण गेलंय? आणि जादूमुळे ते परत येतं का? मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे एकच टेस्ट दहा ठिकाणी चालवून बघायची खोड आहे, ती सांभाळून घ्या. आणि हो, आज सगळ्या सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी सिनेमे बघून या, आम्ही इथेच आहोत.

फाळक्यांचं घर

सुरुवात आपल्या घरापासून करू. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात रोहिदास कोण झाला होता? फाळक्यांचा स्वतःचा मुलगा, भालचंद्र. सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या म्हणून तारामती एका पुरुषाने केली, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. मुलगा मात्र घरातूनच आला. आणि घर म्हणजे फक्त मुलगा नाही. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकल्या होत्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात होता. आपल्या पडद्यावरची पहिली जादू अशी एका संसाराने मिळून केलेली आहे.

पुढे १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ आला. त्यात बाळकृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची. या सिनेमाचा बराच भाग आज बघायला मिळतो, आणि त्याची सुरुवात मला फार आवडते. आधी मंदाकिनी स्वतः म्हणून पडद्यावर येते. कृष्णाचा वेष नाही. कॅमेऱ्यासमोर हसते, रागावते, वेगवेगळे भाव करून दाखवते. आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. म्हणजे प्रेक्षकाला आधी सांगितलंय, ही एका घरातली मुलगी आहे, आणि तरीही आता तुम्ही हिच्यात देव बघा. लोकांनी बघितलासुद्धा.

आता याला फँटसी म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. बघणाऱ्यांसाठी ती श्रद्धा होती. पण आपले दोन प्रश्न इथे लागू पडतात. हरिश्चंद्राच्या कथेत रोहिदास मरतो आणि शेवटी देव प्रसन्न होऊन त्याला उठवतात. कृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो, काठावर आईबाप आणि सगळं गोकुळ रडतं, आणि तो नागाच्या फण्यावर नाचत वर येतो. घर मोडतं, पण शेवटी जसंच्या तसं जोडून मिळतं. पौराणिक सिनेमाचं हे वचनच आहे. देव गोष्ट अर्धवट सोडत नाही.

हे वचन लक्षात ठेवा. कारण यापुढे आपण बघणार आहोत त्यातला एकही सिनेमा ते तसंच्या तसं पाळत नाही.

कॅन्सस, १९३९

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ अमेरिकेत ऑगस्ट १९३९ मध्ये आला. एल. फ्रँक बॉमचं मूळ पुस्तक १९०० सालचं, पण बघायला आलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर १९३० चं दशक होतं. मंदी, दुष्काळ, कॅन्सससारख्या राज्यांत उठलेली धुळीची वादळं, कर्जात गेलेली शेतं. सिनेमातलं कॅन्सस मातकट तपकिरी रंगाचं आहे. रंग येतो तो ऑझमध्ये.

डोरोथीच्या घरातून कोण गेलंय? आईबाप दोघंही. कसे गेले, हे सिनेमा सांगतच नाही. तिला एम काकू आणि हेन्री काका सांभाळतात. मिस गल्च नावाची पैसेवाली बाई येते, सोबत शेरिफचा हुकूम आणते आणि डोरोथीचा कुत्रा टोटो घेऊन जाते. काका-काकूंना राग येतो, पण ते काही करू शकत नाहीत. कागद तिच्या बाजूने आहे, पैसा तिच्या बाजूने आहे. माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट ती हिरव्या तोंडाची चेटकीण नाहीच. आपल्या घरातले मोठे लोक आपल्याला वाचवू शकत नाहीत, हे मुलीला भरदुपारी समजतं, ते जास्त भीतीदायक आहे.

पुढे वादळ येतं, ऑझ येतं, चेटकीण मरते, डोरोथी घरी परत येते. पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे. सिनेमाने ते स्वप्न केलं, आणि शेतावरच्या तीन गड्यांचं काम करणाऱ्या नटांनाच बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह केलं. सगळं गोड होतं. पण एक प्रश्न विचारून बघा. मिस गल्चचं काय झालं? टोटो टोपलीतून पळून आलाय, हुकूम अजून तसाच आहे. बाई उद्या सकाळी पुन्हा दारात उभी राहू शकते. सिनेमा यावर एक शब्द बोलत नाही. डोरोथीला जादूने परत मिळतात ते तिचे तेच गरीब, हतबल काका-काकू. फरक इतकाच की आता तिला ते दिसतात. ते तिच्या उशाशी बसलेले असतात.

कॅलिफोर्निया, १९८२

आता त्रेचाळीस वर्षं पुढे. ‘ई.टी.’ जून १९८२ मध्ये आला. पोस्टरमुळे आपल्याला चंद्रासमोरून जाणारी सायकल आठवते. पण सिनेमा नीट बघितला तर तो एका घटस्फोटाचा सिनेमा आहे.

एलियट, मायकल आणि गर्टी ही तीन भावंडं आईजवळ राहतात. बाबा दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला गेलेत. हे आपल्याला कुणी बसवून सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर भांडणाच्या भरात एलियटच्या तोंडून ते निघतं आणि आईचा चेहरा उतरतो. पुढे गॅरेजमध्ये एलियट आणि मायकलला बाबांचा जुना शर्ट सापडतो. दोघं तो हुंगतात आणि बाबा कुठलं आफ्टरशेव्ह लावायचे यावर त्यांची चर्चा होते. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग असेल. बाबा सिनेमात कधीच दिसत नाहीत, फक्त हा वास आहे.

याचा इतिहास बघू. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात नवा घटस्फोट कायदा झाला आणि १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. त्याआधी जोडीदाराचा दोष कोर्टात सिद्ध करावा लागायचा, व्यभिचार, क्रूरता वगैरे. आता पटत नाही एवढं कारण पुरे झालं. पाठोपाठ इतर राज्यांनीही तसे कायदे केले. १९६० ते १९८० या वीस वर्षांत अमेरिकेतलं घटस्फोटाचं प्रमाण दुपटीहून वाढलं. कायदा वाईट होता असं मी अजिबात म्हणत नाही, नरकासारख्या लग्नातून कित्येक बायका त्यामुळेच सुटल्या. पण एलियटसारख्या मुलांची एक अख्खी पिढी तयार झाली, आणि त्यांच्या घराचा सिनेमा तोवर फारसा कुणी केला नव्हता. स्टीव्हन स्पीलबर्गचे आईबाप तो किशोरवयात असताना वेगळे झाले, आणि या गोष्टीचं मूळ तिथे आहे हे त्याने अनेकदा सांगितलंय. आणि गंमत बघा, त्या कायद्यावर सही करणारे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. १९८२ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी व्हाइट हाउसमध्ये हा सिनेमा खास खेळ लावून पाहिला.

स्पीलबर्गने कॅमेरा मुलांच्या उंचीवर ठेवलाय. बराच वेळ आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. कंबर, हात, किल्ल्यांचा जुडगा, बस. मुलांना मोठी माणसं तशीच दिसतात.

मग दुसरा प्रश्न. ई.टी. वाळलेली फुलं पुन्हा फुलवतो, जखम बोटाने बरी करतो, सायकली उडवतो. तो बाबांना परत आणतो का? नाही. उलट तोही जातो! एलियटला दुसऱ्यांदा कुणीतरी सोडून जातं. पण या वेळी जाणारा सांगून जातो, मिठी मारून जातो, आणि एलियट न जाता आईजवळ थांबायचं ठरवतो. सिनेमा त्याला वडील देऊ शकत नाही. नीट निरोप मात्र देतो.

मुंबई, १९८७

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. शेखर कपूरचा ‘मिस्टर इंडिया’ मे १९८७ मध्ये आला, लेखक सलीम-जावेद. आमच्या पिढीने तो थिएटरात नाही, टीव्हीवर पाहिला, जाहिरातींसकट.

इथे घरातून कोण गेलंय? सगळ्यांचेच आईबाप. अरुण स्वतः अनाथ आहे, आणि समुद्राकाठच्या भाड्याच्या जुन्या घरात तो रस्त्यावरची मुलं सांभाळतोय. सोबत कॅलेंडर नावाचा स्वयंपाकी. भाडं थकलंय, किराणा उधारीवर आहे. आपण हसत हसत बघतो, पण एक कायदेशीर गोष्ट बघा. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे एक मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि मुलींचंही तसंच. म्हणजे अरुणने मनात आणलं असतं तरी या कायद्याखाली तो एवढ्या मुलांचा बाप होऊच शकला नसता. आपल्या सगळ्यात लाडक्या फँटसीतलं कुटुंब कागदावर अस्तित्वातच नाही. सिनेमात कुणी कागद मागत नाही, ही त्यातली पहिली जादू. अदृश्य करणारं यंत्र नंतर येतं, आणि तेही वडिलांनी मागे ठेवलेलं.

आणि मग टीना. घरातली सगळ्यात लहान मुलगी. मोगॅम्बोच्या माणसांनी पेरलेल्या बॉम्बच्या स्फोटात ती मरते. लहानपणी बघताना वाटायचं, थांबा, आता काहीतरी होईल. हीरोकडे यंत्र आहे ना? काही होत नाही. अदृश्य होणारा माणूस बॉम्बपुढे तुमच्याआमच्याइतकाच हतबल आहे.

प्रेक्षकाला हे परकं नव्हतं. मे १९८५ मध्ये दिल्लीत ट्रान्झिस्टर रेडिओत लपवलेले बॉम्ब फुटले होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, या सूचनेचा तो काळ. देशातला प्रत्येक बाप मुलांना जे सांगत होता, ती भीती सिनेमाने गाणी आणि विनोदाच्या मधोमध आणून ठेवली. हरिश्चंद्राचा रोहिदास उठला होता. टीना उठत नाही. मोगॅम्बो हरतो, बेट उडतं, घरी परतणाऱ्या मुलांत एक कमी असतं.

जपान, १९८८

आता ज्याच्यासाठी मी हा भाग करायला घेतला तो दिवस. १६ एप्रिल १९८८. जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीचे दोन सिनेमे एकाच तिकिटात लागले. एक हायाओ मियाझाकीचा ‘माय नेबर टोटोरो’. दुसरा इसाओ ताकाहाताचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. एकात गुबगुबीत वनदेवता आणि दुसऱ्यात युद्धात उपासमारीने मरणारी दोन मुलं. त्या दिवशी पोरांना घेऊन गेलेल्या आईबापांचं काय झालं असेल, विचार करा!

‘टोटोरो’ १९५० च्या दशकातल्या खेड्यात घडतो. सात्सुकी आणि छोटी मेई वडिलांबरोबर नव्या घरी राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. आजाराचं नाव सिनेमा घेत नाही. पण १९५० पर्यंत जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण क्षयरोग होता, आणि खुद्द मियाझाकीची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. बघणाऱ्या मोठ्यांना आजाराचं नाव सांगायची गरजच नव्हती.

टोटोरो काय करतो? झाडं रातोरात वाढवतो, पावसात बसस्टॉपवर सोबत करतो, आणि मेई हरवते तेव्हा मांजरबस बोलावून देतो. आईला बरं करतो का? नाही. बस दोघींना दवाखान्यापर्यंत नेते, त्या झाडाच्या फांदीवर बसून आईबाबांना खिडकीतून हसताना बघतात, आणि आईसाठी मक्याचं कणीस ठेवून परत येतात. आत जात नाहीत. आई घरी येते ती शेवटच्या श्रेयनामावलीतल्या चित्रांमध्ये, तिच्या वेळेने, औषधपाण्याने.

दुसऱ्या सिनेमात सेइता आणि सेत्सुको हे भाऊ-बहीण आहेत. १९४५, कोबे शहर. आई बॉम्बहल्ल्यात भाजून मरते, वडील आरमारात, त्यांचा पत्ता नाही. नात्यातल्या काकूकडे जेवणावरून टोमणे. मुलं बाहेर पडतात आणि एका तळ्याकाठच्या खोबणीत राहतात. आधी सेत्सुको जाते, मग सेइता.

दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले की माझा सगळा अंदाजच फिरतो. आधी वाटतं, मेईकडे टोटोरो होता म्हणून ती वाचली, सेत्सुकोकडे नव्हता म्हणून मेली. पण ‘टोटोरो’त मेई हरवल्यावर काय होतं, ते पुन्हा बघा. मांजरबस यायच्या आधी अख्खं गाव बाहेर पडलंय. तळ्यात एक चप्पल सापडलीय आणि माणसं काठ्या घेऊन पाण्यात उतरलीत. शेजारची आजी हात जोडून बसलीय. त्या मुलींची आई दवाखान्यात आणि बाप शहरात कामावर, तरी त्या एकट्या नाहीत. कोबेतही तळं आहे, आणि मुलं त्याच्याच काठी राहतात. तिथे शोधायला कुणी येत नाही. मुलं तळ्याकाठी आहेत हे लोकांना ठाऊक असतं, पण प्रत्येकाला आपापल्या तांदळाची चिंता. जपानी नावाचा अर्थच ‘शेजारचा टोटोरो’ असा होतो. मला वाटतं सिनेमाने उत्तर नावातच लिहून ठेवलंय. दोन सिनेमांत फरक वनदेवतेचा आहे, त्याहून जास्त शेजाऱ्यांचा आहे.

स्पेन, १९४४

शेवटचा सिनेमा मेक्सिकोच्या गियेर्मो देल तोरोचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’, २००६ सालचा. हा मुलांना दाखवू नका, मुलांबद्दल आहे तरीही. काळ १९४४. स्पेनचं यादवी युद्ध १९३९ मध्ये संपलंय, फ्रँको जिंकलाय, डोंगरात अजून बंडखोर आहेत. ओफेलियाचे शिंपी असलेले वडील मेलेत, आणि गरोदर आईने कॅप्टन विदालशी लग्न केलंय. विदालला बायको नकोय, वारस हवाय. मुलगा बापाच्या जागीच जन्मला पाहिजे म्हणून तो त्या दिवस भरत आलेल्या बाईला डोंगरातल्या छावणीत आणतो.

हा नुसता खलनायकाचा विक्षिप्तपणा नाही. फ्रँकोच्या राजवटीत हरलेल्या बाजूच्या लोकांची मुलं आईबापांपासून तोडून सरकारी आणि चर्चच्या संस्थांत ठेवली गेली, कित्येकांची ओळख पुसली गेली. मूल कुणाचं आणि त्याला काय नाव लावायचं, हे सत्ता ठरवत होती.

इथली जादू खरंच काम करते. आईच्या पलंगाखाली दुधात ठेवलेली मुळी तिला आराम देते. मोठ्यांना ती सापडते आणि आगीत टाकली जाते. आई बाळंतपणात मरते. शेवटी ओफेलियाला सांगितलं जातं की तुझ्या राज्याचं दार उघडायला लहान भावाचं थोडं रक्त दे. ती नाही म्हणते, आणि विदाल तिला गोळी घालतो. मग आपल्याला सोन्याचा दरबार दिसतो. आई आहे, बाबा आहेत, सगळे परत मिळालेत. पण पलीकडे. अलीकडच्या जगात फक्त ते बाळ उरतं, आणि ते बंडखोरांकडच्या मर्सिडिसच्या हातात जातं. मर्सिडिस विदालला ऐकवते की या मुलाला बापाचं नावसुद्धा कळणार नाही.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेही तेच. गेलेले येत नाहीत. पण एका मुलीच्या नकारामुळे एक बाळ वाचतं, आणि त्याला रक्ताची नसलेली माणसं सांभाळतात.

मग जादू कशाला?

काही जण म्हणतील, अरे, मग ही फँटसी कसली? मुलांना जरा स्वप्नं बघू द्या की! माझं म्हणणं असं आहे. ज्या घरातून कुणी गेलंय, त्या घरातल्या मुलाला ते माणूस परत येणार नाही हे बहुतेक वेळा आपल्या आधी कळलेलं असतं. आपण मात्र त्याच्यासमोर गप्प बसतो. बाबा गावाला गेलेत, आजी देवाकडे गेली, आईला नुसता ताप आहे. या सिनेमांनी जादू दाखवली, पण तो खोटा दिलासा दिला नाही. एलियट, मेई, टीनाची भावंडं, कुणालाच गेलेलं माणूस जादूने मिळालं नाही. मिळालं ते सोबतीला कुणीतरी. कधी परग्रहावरचा पाहुणा, कधी शेजारची आजी, कधी भाडं थकलेला एक माणूस.

‘कालिया मर्दन’मध्ये सगळं गोकुळ काठावर उभं असतं, आपण तिकडे बघत नाही कारण आपले डोळे डोहाकडे लागलेले असतात. आता पुन्हा बघाल तेव्हा काठाकडेही बघा. कृष्ण वर येणारच आहे, ती देवाची गोष्ट आहे. आपल्या मुलांच्या गोष्टीत मात्र काठावर कोण उभं आहे, यावर बरंच काही ठरतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुम्ही लहानपणी पाहिलेल्या एखाद्या फँटसी सिनेमाला हे दोन प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तर आलं ते आम्हाला नक्की कळवा. भाग आवडला तर ज्याला पाठवावासा वाटेल त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!